ड्रायर तयार, गिऱ्हाईक तयार, फाईल मात्र टेबलावर: माझा अनुभव

बडोद्यात एमई करताना मी आंत्रप्रेन्योरशिपचा इलेक्टिव्ह घेतला आणि आमच्या लॅबमधला सोलर ड्रायर बाजारात न्यायचं ठरवलं, त्याचा हा अनुभव. कोर्स चांगला होता, शिकवणारे सर तर फारच चांगले, पण ज्या एका कागदावर, म्हणजे डिझाइनवर हक्क कोणाचा हे सांगणाऱ्या कॉलेजच्या पत्रावर, सगळं अडलं त्याबद्दल अख्ख्या सेमिस्टरमध्ये एक ओळ नव्हती, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून लिहायला बसले.

ड्रायर काय आहे ते थोडक्यात. ट्रेच्या खाली पॅराफिन मेण भरलेले डबे असतात. दुपारच्या उन्हात हे मेण साधारण 58-60 अंशाला वितळतं, वितळताना किलोमागे 200 किलोज्यूलच्या आसपास उष्णता पोटात घेतं आणि संध्याकाळी गोठताना ती परत देतं. नुसतं मेण उष्णता फार सावकाश घेतं-देतं म्हणून त्यात ग्राफाइट मिसळायचं, त्यावरचं काम आमच्या लॅबमध्ये आधी एका सीनियर दादाने पीएचडीसाठी केलं होतं, मी ते पुढे नेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोर्समध्ये सरांचा नियम होता की लोकांना भेटायचं पण आपलं प्रॉडक्ट विकायचं नाही, फक्त ऐकायचं. मी दांडिया बाजारातल्या, उन्हाळ्यात ऑर्डरवर पापड-कुरडया करून देणाऱ्या एका काकूंकडे गेले. विचारलं, काकू, वाळवणात सगळ्यात जास्त त्रास कशाचा? म्हणाल्या, "अगं ऊन तर मला फुकट मिळतंच, तू मला संध्याकाळनंतरचं सांग. अर्धवट वाळलेली कुरडई रात्री मऊ पडते आणि सकाळी परत पहिल्यापासून. शिवाय कबुतरं आहेतच." एफिशियन्सीचा ग्राफ मी इतक्या प्रेमाने केला होता, तो त्याच दिवशी शेवटच्या स्लाइडला गेला आणि पहिल्या स्लाइडवर आलं 'सूर्य मावळल्यावरही वाळतं'. मसाल्यासाठी हळद-मिरची वाळवणाऱ्यांनीही पुढे तेच सांगितलं, त्यांना मिरचीचा रंग टिकायला हवा होता. कॅनव्हास (धंद्याचा आराखडा एका पानावर मांडायचा तक्ता), कॉस्टिंग, पिच वगैरे सगळं नीट पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत. ट्रे आणि डबे बनवून द्यायला एक फॅब्रिकेटर तयार झाला, रेटही बरा दिला, आणि मग त्याने विचारलं, "बेन, आ डिझाइन कोनी छे? तमारी के कॉलेजनी?" प्रश्न अगदी रास्त होता. उद्या त्याने माल काढला आणि कॉलेजची नोटीस आली तर तो काय करणार? त्याला कॉलेजचं एक पत्र हवं होतं, एवढंच.

त्या एका पत्राने सेमिस्टरचा उरलेला सगळा वेळ खाल्ला. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. अर्ज दिला, गाइड सरांनी त्याच दिवशी सही केली, एचओडींनीही केली, आणि फाईल वर गेली ती गेलीच. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी परीक्षेची कामं, कधी कमिटी बसायचीय. मग फाईल परत आली, वर पेन्सिलने लिहिलेलं, 'फॉर्मेटप्रमाणे नाही'. खिडकीवर विचारलं फॉर्मेट क्यां छे, कुठे आहे, तर उत्तर आलं, "फॉर्मेट तो नथी, बेन." म्हणजे फॉर्मेटच नाही. मग मी कशाप्रमाणे लिहू? त्या कागदावर पाठिंब्याचे शब्द सगळ्यांनी लिहिले होते, 'फॉरवर्डेड', 'रेकमेंडेड', फक्त हक्क कोणाचा हे लिहायला कोणी तयार नव्हतं.

आणि तिकडे डेमो डेची, म्हणजे सगळ्यांसमोर प्रॉडक्ट दाखवायच्या दिवसाची, तारीख जवळ येत होती. हे नीट समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणांचं काम कायमचं हातचं जातं. पेटंटचा अर्ज करायच्या आधी तुम्ही लोकांसमोर सगळं उघड केलं, पेपर छापला, तर नवेपणाच संपतो. म्हणून डेमोच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचा, पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) द्यायला मग 12 महिने मिळतात. पण पेटंटच्या अर्जाच्या फॉर्म 1 मध्ये अर्जदाराचं नाव लिहावं लागतं. आणि अर्जदार कोण, हेच तर कॉलेज सांगत नव्हतं!

फीची कोणी भीती घातली तर ऐकू नका. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी 1,600 रुपये आहे आणि 2021 च्या बदलापासून शैक्षणिक संस्थांनाही सवलतीचा तोच दर लागतो. गुजरातसाठी पेटंट ऑफिस मुंबईचं, पण सगळं ऑनलाइन होतं, जावं लागत नाही.

शेवटी कामाला आली ती केंद्राची 2019 ची धोरणपुस्तिका, उच्चशिक्षण संस्थांमधले विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासाठीची नॅशनल इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसी. (गुजरातची विद्यार्थ्यांसाठीची एसएसआयपी, म्हणजे स्टुडंट स्टार्टअप अँड इनोव्हेशन पॉलिसी, 2017 पासून आहे, 2022 ला तिचा दुसरा टप्पा आला, प्रोटोटाइप आणि पेटंटच्या खर्चाला तिथे मदत मिळते, तीही बघा.) 2019 च्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की संस्थेच्या सोयी किंवा पैसा बऱ्यापैकी वापरला असेल किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर हक्क संशोधक आणि संस्था दोघांचा मिळून. वाद झालाच तर किमान पाच जणांची कमिटी, त्यात टेक्नॉलॉजी बाजारात नेलेले दोन प्राध्यापक, दोन माजी विद्यार्थी किंवा इंडस्ट्रीतले तज्ज्ञ आणि एक कायद्याचा जाणकार. आणि आयपीआर सेलचं, म्हणजे संस्थेतल्या पेटंट वगैरे हक्कांचं काम बघणाऱ्या विभागाचं, काम फक्त मदतीचं, पेटंट कसं घ्यायचं, लायसन्स कोणाला द्यायचं यात त्यांनी पडायचं नाही. मी ती पानं प्रिंट काढली, ओळी पिवळ्या केल्या, पत्राचा मसुदा स्वतःच टाइप केला आणि फाईलला लावून इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) घेतला. इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका, नंबर नसलेला कागद कोणालाच सापडत नाही.

हे सगळं मी एकटीने लढवलं आणि मला त्याचा अभिमान आहे. सही झाली. संस्था, गाइड सर, दादा आणि मी असे चौघे मिळून अर्जदार, आणि डेमोच्या आधी प्रोव्हिजनल गेला.

दादाचं राहिलंच. तो आता पुण्याला नोकरी करतो. काही जण म्हणाले त्याचं नाव कशाला, तो तर गेला. असं अजिबात करू नका, पहिली कल्पना त्याची होती, त्याचं नाव गाळलं तर अर्जच लंगडा आणि माणूस दुखावतो ते वेगळंच. फोन केला तर म्हणाला, "अगं पाठव, आज रात्रीच सही करून स्कॅन टाकतो," आणि टाकलंही. हक्काचा पुरावा (अर्ज करायचा हक्क संशोधकांनी दिल्याचा सही केलेला कागद) अर्जानंतर सहा महिन्यांत द्यायचा असतो, तेव्हा लांब गेलेल्यांच्या सह्या आधी गोळा करा. लॅबची वही तारीख टाकून, गाइडची सही घेऊन ठेवा, कोणी काय केलं हे ठरवताना आम्हाला तीच वही उघडावी लागली.

माझी सरांना एकच विनंती होती, ती मी फीडबॅक फॉर्ममध्येही लिहिली. सोलर, बॅटरी, बायोगॅस, काहीही असो, लॅबमधलं काम घेऊन येणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यातच विचारा की हे कोणाचं आहे, आणि त्याचं पत्र हातात येईपर्यंत कॅनव्हास बाजूला ठेवा. गिऱ्हाईक शोधायला वेळ लागतो तसा सहीलाही लागतो, दोन्ही एकदमच सुरू झालं पाहिजे.

फॅब्रिकेटरने पत्राची झेरॉक्स ठेवून घेतली आणि ट्रे कापायला घेतले. आता कॉलेजशी लायसन्सची बोलणी चालू आहेत. सुरुवातीची रक्कम कमी ठेवा आणि विक्रीवर रॉयल्टी घ्या असं आम्ही म्हणतोय, कारण पहिल्या वर्षी आमच्या हातात पैसा नसणार. पुस्तिकेत दोन्ही प्रकार दिलेत, तेही पान मी पिवळं करून ठेवलंय.