किती कॅमेरे लावू, असं तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या माळरानावर, देवराईत, अभयारण्यात प्राण्यांची मोजणी सुरू करायची आहे, किती कॅमेरे लावू? हा प्रश्न आला की मी उलट विचारते, आकडा घसरला तर तुम्ही काय करणार? माणसं नाराज होतात, मी टाळतेय असं त्यांना वाटतं. टाळत नाही हो. हे ठरल्याशिवाय कॅमेऱ्यांची संख्या काढताच येत नाही.

वर्षाला ५ टक्के घटणारी प्रजाती दहा वर्षांत ४० टक्के संपते. पण एका वर्षाची घट गणनेत कळत नाही, कारण पाऊस कमीजास्त झाला किंवा मोजणारा बदलला तरी आकडा त्याहून जास्त हलतो. ती घट पाच वर्षांत पकडायची की दहा, त्यावर जागा आणि फेऱ्या ठरतात. शिवाय, दिसला नाही म्हणजे नाही असं नसतं. प्राणी असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता ४० टक्केच असेल, तर एकदाच जाणारा माणूस तो असलेल्या दहापैकी सहा जागा रिकाम्या लिहून येतो. चार फेऱ्या केल्या की ही चूक १३ टक्क्यांवर येते. सगळे कॅमेरे पाणवठ्यावर लावाल तर पाणवठ्याचंच कळेल, जंगलाचं नाही. आणि घाणेरी, म्हणजे बाहेरून येऊन फोफावलेलं झुडूप, काढून काय फरक पडला हे बघायचं असेल, तर न काढलेला तुकडाही मोजा, दोन्हीकडे, काढण्याआधीपासून. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय घाणेरी काढणाऱ्याला मिळतं.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे इतकं ताणून धरते, ती सांगते. ख्रिसमस बेट जावाच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात. तिथे पिपिस्ट्रेल जातीचं एक वटवाघूळ होतं, वजन जेमतेम तीन-चार ग्रॅम, जगात दुसरीकडे कुठेही नाही. १९८०च्या दशकात ते बेटावर सर्रास दिसे. १९९०च्या दशकापासून त्याचे आवाज टिपणारी यंत्रं लावली गेली, आणि घसरण नीट नोंदली गेली. मोजणीत खोट नव्हती. २००६ साली त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. कारण काय, बाहेरून आलेला लांडगासाप, मुंग्या, गोम, मांजरं की आणखी काही, यावर खल चालूच राहिला. २००९च्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी कळवलं, वीसच्या आसपास उरलीत, पकडून बंदिवासात वाढवा. परवानगी जुलैमध्ये जाहीर झाली. ऑगस्टमध्ये पथक पोहोचलं तेव्हा एकाच वटवाघळाचा आवाज येत होता. ते जाळ्यात आलं नाही. २६ ऑगस्टनंतर तो आवाज यंत्रावर कधीच उमटला नाही. २०१७ साली प्रजाती नामशेष म्हणून जाहीर झाली. इतक्या वर्षांच्या नोंदी होत्या, पण अमुक आकड्याखाली गेलं की कारण कळो न कळो, पकडायचं, असं आधी कुणी ठरवून ठेवलं नव्हतं.

पूर्वी मी म्हणत असे, आधी माहिती भक्कम करा, घाई नको. ते म्हणणं मी पुरतं टाकलेलं नाही. अर्धवट माहितीवर पकडापकडी केली तर ती पकडापकडीच उरलीसुरली जमात मारू शकते. पण त्याच बेटावर, त्याच सुमारास निळ्या शेपटीचे सापसुरळे आणि लिस्टरच्या पाली वेळेत पकडल्या गेल्या. तेव्हा तिथेही कारण नक्की नव्हतं. रानात त्या आता उरल्या नाहीत, बंदिवासात आहेत. सापसुरळ्यांना २०१९ साली कोकोस बेटांपैकी एकावर सोडलंही. मूळ बेटावर मात्र लांडगासाप अजून आहे, त्यामुळे तिथे त्या परत कधी जातील याचं उत्तर कुठल्याच मोजणीत नाही.

तुम्ही म्हणाल, उंबरठा, म्हणजे ज्याखाली गेलं की कृती करायची तो आकडा, किती ठेवायचा ते तरी सांगा. सरसकट सांगता येत नाही. लवकर कृती होईल असा ठेवला तर कधी उगाच धावपळ होते, पैसा जातो, पुढच्या वेळी वरिष्ठ ऐकत नाहीत. उशिराचा ठेवला तर वटवाघळासारखं होतं. दोन्ही चुका सारख्या नाहीत, म्हणून दुर्मीळ प्रजातीसाठी मी खोट्या धोक्याची जोखीम जास्त घेते. ती किती घ्यावी यावर सहकाऱ्यांशी माझं अजून पटत नाही. पण पहिल्या फेरीच्या आधी तो आकडा, त्यानंतर काय करायचं, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि पैसे कोणाच्या सहीने सुटतील, हे कागदावर घ्या.