आईविना हंसाची पिल्लं

रविवार, रात्री

आजपासून अंडी उबवायच्या मशीनचं झाकण बंद. अंडी फिरवणं थांबवलं, तळाच्या दोन्ही खाचांत पाणी भरलं. आर्द्रता ७०च्या वर गेली आणि काचेवर वाफ धरली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत आता आपण काहीच करायचं नाही. इतके दिवस हाताला सतत काम होतं, त्यामुळे हे थांबणंच जड जातंय.

या अंड्यांची आई माघात गेली. मोकाट कुत्र्यांनी पहाटे गोठ्यामागे गाठलं तिला. उसाच्या पाचटात तिने केलेलं घरटं जागच्या जागी होतं आणि अंडी पाचटाखाली व्यवस्थित झाकलेली. हंसीण साधारण दिवसाआड एक अंडं घालते, पुरेशी झाल्याशिवाय त्यांच्यावर बसत नाही. म्हणून तर सगळी एकदम उबायला लागतात आणि पिल्लंही बरोबरीने निघतात. आमची अजून खुडूक बसली नव्हती. अंडी गार होती, आत काही सुरू झालेलं नव्हतं, त्यामुळे ती वाचवता आली.

सासूबाई म्हणाल्या, “कोंबडीखाली घाल की.” पण गावरान कोंबडीचं अंडं चाळीस-पन्नास ग्रॅमचं आणि हे १४० ग्रॅमचं. तिला ते उलटवणार नाही. शिवाय तिचा हिशेब २१ दिवसांचा, हंसाचं पिल्लू तिसाव्या दिवसाच्या आसपास निघतं. म्हणून थर्माकोलचं मशीन आणलं. तापमान ३७.५ वर धरायचं, अंडी आडवी ठेवून दिवसातून चार-पाच वेळा उलटी करायची. ज्या बाजूला पेन्सिलीने फुली मारली ती सकाळी वर, तर दुपारी खाली.

मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे त्यांना रोज गार करणं. घरट्यावर बसलेली हंसीण दिवसातून एकदा उठते, चार घास चरते, पाण्यात शिरते आणि ओल्या पोटाने परत येऊन बसते. तेवढा वेळ अंडी उघडी असतात, थंड होतात, वर ओल येते. तिचं हे जाणं-येणं आपल्याला करावं लागतं. दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज दुपारी झाकण उघडून पंधराएक मिनिटं अंडी तशीच ठेवायचे आणि कोमट पाण्याचा फवारा मारायचे. सासूबाई एखादं उचलून पापणीला लावायच्या. “आता झाक,” म्हणाल्या की झाकायचं. थर्मामीटर होताच, पण त्यांची पापणी चुकत नाही.

वीज जायची ती रात्रीच. इन्व्हर्टर दमला की मशीनवर गोधडी. अंडी मोठी असल्याने ऊब चांगली धरून ठेवतात, एवढाच आधार.

मंगळवार

आवाज येतोय! झाकणाला कान लावला तर आत बारीक चिवचिव. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लू आधी तिच्या पडद्यातून चोच आत घालतं आणि पहिला श्वास घेतं. मग आवाज फुटतो. मी हळू आवाजात “या, या” म्हटलं की तीन-चार अंड्यांतून उत्तर येतं. ती एकमेकांशीही बोलत असतात. एक गप्प झालं की दुसरं सुरू होतं.

मागच्या आठवड्यात शेवटचं वजन केलं होतं तेव्हा अंडी १२०च्या जवळ आली होती. कवचातून पाणी उडून जातं तशी ही पोकळी वाढत जाते. वजन पुरेसं उतरलं नाही तर पिल्लाला आत श्वासापुरतीही जागा उरत नाही. फार उतरलं तर पडदा सुकून पिल्लाला आवळतो. काळोखात बॅटरी लावून बघताना हीच पोकळी दिसते. पहिल्या आठवड्यात तिच्याखाली लाल शिरांचं जाळं दिसलं होतं, मधोमध हलणारा एक ठिपका. शेवटी शेवटी सगळं काळं झालं आणि पोकळीच्या कडेवर सावली हलायला लागली.

गुरुवार, पहाटे

चार निघाली.

पहिल्याने काल सकाळी कवचाला टोच मारली आणि मग दिवसभर काही नाही. कोंबडीचं पिल्लू एवढा वेळ घेत नाही. हंसाच्या पिल्लाला पहिल्या टोचेपासून बाहेर पडायला एक-दीड दिवसही लागतो. या वेळात पडद्यातल्या शिरांमधलं रक्त ते स्वतःत ओढून घेतं आणि उरलेला बलक पोटात घेतं. आपण घाईने कवच सोललं तर त्या शिरा फुटतात. धाकटी रडकुंडीला आली, “आई, काढ ना गं त्याला.” तिला जवळ घेऊन बसले. रात्री दोनच्या सुमाराला चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या दाण्याने कवचाच्या आतून गोल कापत गेलं. थोडं कापायचं, दमून पडायचं, थोडं सरकायचं. मग टोपी उघडावी तसं रुंद टोक बाजूला पडलं आणि ओलंचिंब, मान टाकलेलं पिल्लू बाहेर आलं. त्याला तिथेच वाळू दिलं. पोटात बलक असतो, त्यामुळे दाण्यापाण्याची घाई नसते.

पाचव्या अंड्याला टोच पडली ती निमुळत्या टोकाला. म्हणजे डोकं उलट्या बाजूला, जिथे हवेची पोकळी नाही तिथे. पहाटेपर्यंत ते बोलत होतं. आता बोलत नाही. सहावं फळलेलंच नव्हतं.

शनिवार

पिल्लं पिवळी-करडी आहेत, पाय आतापासूनच अंगाच्या मानाने मोठे. खोक्यात बल्बखाली ३२-३४ अंश ठेवलंय, दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायचं. खाली वर्तमानपत्र घातलं नाही, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि मग तसेच राहतात. गोणपाट अंथरलंय. पाण्याचं भांडं असं की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण पिल्लू आत उतरणार नाही. आईच्या पिसांचं तेल त्यांच्या लवेला लागतं म्हणून आईबरोबरची पिल्लं लगेच पोहतात. आमची भिजली तर गारठतील.

चिक स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, आणलाय, औषध नसलेला. पण कोंबडीच्या पिल्लाला पुरतं तेवढं नायसिन, हे एक ब जीवनसत्त्व, बदकांना आणि हंसांना पुरत नाही, पाय वाकडे होतात. म्हणून वरून ब्रूअर्स यीस्ट भुरभुरवते. थोरला हरळी बारीक चिरून आणतो. तिच्यावर ती आधी तुटून पडतात, मग दाण्याकडे वळतात.

मी उठले की उठतात. स्वयंपाकघरात गेले तर चारी जणं ओळीने मागे. दिसेनाशी झाले की त्यांचा सूर बदलतो, उंच, एकसारखा, ऐकवत नाही असा. ऑस्ट्रियातले शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांच्या मागे करड्या हंसांची पिल्लं अशीच चालायची. अंड्यातून आल्यावर जे पहिलं हलतं-बोलतं समोर दिसतं त्याला पिल्लू आई मानतं, हे त्यांनी बारकाईने अभ्यासलं. १९७३ साली प्राणिवर्तनाच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर. हे शाळेत शिकवलंय मी. पण मागे वळल्यावर पायाशी चार डोकी वर करून बघतात तेव्हा पोटात काहीतरी हलतं.

आणि म्हणूनच काळजी वाटते. मी यांना चरायला शिकवू शकणार नाही, कुत्रं आल्याची हाक देऊ शकणार नाही. माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेला हंस मोठा झाला की हंसांत रमत नाही. मला ही मोठेपणी हंस म्हणून वाढलेली हवीत.

राजा, आमचा नर हंस, अजून गोठ्यामागच्या पाचटापाशी जाऊन उभा राहतो. कपाळावरचं टेंगूळ, मान ताठ, ओरडतो आणि वाट बघतो.

बुधवार

पाहुणे आले होते. “धरणावरची अंडी उचललीत का?” त्यांचा प्रश्न. मी सांगितलं, उजनीवर हिवाळ्यात येतात ते पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. ते इथे अंडी घालतच नाहीत. त्यांची घरटी लडाखच्या, तिबेटच्या, मंगोलियाच्या तळ्यांवर. आणि रानपक्ष्याचं अंडं उचलणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आमचे पाळीव, चिनी जातीचे. हे अंतर लोकांना माहीत असायला हवं, विशेषतः उजनीकाठच्या भिगवणच्या एवढ्या जवळ राहून.

ते गेल्यावर अंगणात बसले होते. डोक्यावरून एक थवा उत्तरेकडे गेला, फार उंचावरून. चारही पिल्लांनी एकदम मान तिरकी केली, एक डोळा आभाळाकडे. थवा दिसेनासा होईपर्यंत हलली नाहीत. त्यांना हे कुणी शिकवलं?

रविवार

सकाळी पिल्लांचा पिंजरा राजाच्या आवारात ठेवला. तो मान खाली घालून फुत्कारत आला. माझ्या अंगावर आला, पिंजऱ्याच्या नाही. जाळीला चोच लावून उभा राहिला. पिल्लं बारीक चिवचिवली, त्याने घशातल्या घशात काहीतरी उत्तर दिलं. तो आवाज मी त्याच्याकडून हंसीण गेल्यापासून ऐकला नव्हता.

हंसांत नरही पिल्लं सांभाळतो. परक्या पिल्लांनाही पुष्कळदा पोटाशी घेतो, हे ऐकून होते. दुपारी काठी हातात धरून जाळीचं दार उघडलं. त्याने पंख फैलावले, मी आणि पिल्लं यांच्या मध्ये उभा राहिला आणि मला हाकललं. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, “ये मागं, त्यानं घेतली ती.” आले मागे. पिल्लांनी दोनदा मला हाक मारली. तिसऱ्यांदा तो हलला तशी त्याच्या मागे निघाली, हरळीकडे.

संध्याकाळी त्यांना आत घेताना दोघांना मिळून सूप पुढे धरावं लागलं, राजा काही सोडायला तयार नव्हता. उद्यापासून दिवसभर त्याच्याजवळच ठेवणार. लव जाऊन पिसं येईपर्यंत रात्री मात्र घरात, बल्बखाली. कुंपणाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी ठोकायची आहे, मुंगूस फिरतंय.