गाडी उजवीकडं ओढाय लागलीय

"परत गाडी उजवीकडं ओढाय लागलीय बघ," असं म्हणत मामांनी प्लास्टिकच्या पिशवीतून हातात धरून गेम खेळायचा कन्सोल काढून काउंटरवर ठेवला. बाहेर जुलैचा पाऊस धरून बसला होता. पिशवीवर पाणी होतं, कन्सोलवर मात्र थेंब नव्हता.

मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरातले टर्नर. तीसेक वर्षं लेथवर काढलेली. कन्सोल मुलाचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा घरीच ठेवून गेला. तेव्हापासून रात्री जेवण झालं की मामा तासभर गाड्यांची शर्यत खेळतात. मार्चमध्ये हीच तक्रार घेऊन ते माझ्याकडं आले होते. डावी स्टिक, म्हणजे अंगठ्यानं दिशा द्यायची छोटी दांडी, सोडून दिली तरी गाडी आपोआप उजवीकडं जायची. मी स्टिकचं मॉड्यूल बदललं, सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन केलं, म्हणजे स्टिकचा मध्य कन्सोलला नव्यानं शिकवला, आणि पैसे घेतले. आता चार महिन्यांत तेच दुखणं परत. राजारामपुरीत दुरुस्तीचं दुकान चालवायचं तर असं परत आलेलं काम जिव्हारी लागतं.

या दुखण्याला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. बहुतेक अ‍ॅनालॉग स्टिकच्या आत दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. कार्बनच्या पातळ पट्ट्यावरून धातूची बारीक जीभ घासत जाते आणि ती कुठं टेकलीय त्यावरून व्होल्टेज बदलतं. स्टिक मधोमध असली की साधारण निम्मं व्होल्टेज. घासून घासून पट्टा झिजला, आत धूळ गेली किंवा मधे आणणारी स्प्रिंग सैल पडली की हे निम्मं निम्मं राहत नाही. कन्सोलला वाटतं, अंगठा अजून दाबलेलाच आहे.

मी मागचे स्क्रू काढले. स्टिकच्या रिबन केबलचा कनेक्टर तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्याची काळी पट्टी नखानं हळूच उभी करावी लागते. जोर लावला तर ती मोडते आणि मग अख्खा बोर्ड हातात येतो. मॉड्यूल बाहेर काढून मीटर लावला. दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर मधोमध असताना दोन्हीकडं पाच-पाच दाखवायला हवा. इथं एकीकडं साडेसहाच्या आसपास, दुसरीकडं साडेतीन, आणि स्टिक जरा हलवली की आकडा उड्या मारायचा. उभ्या दिशेचा मात्र ठणठणीत.

पण नजर अडकली ती बाहेरच्या कडेवर. स्टिक ज्या गोल भोकातून वर येते, त्याची कड फक्त उजव्या बाजूला घासून गुळगुळीत झाली होती. तिथं प्लास्टिकची काळी पूड साचलेली, बाकी कड नव्यासारखी. मी भिंग मामांच्या हातात दिलं. त्यांनी कन्सोल उजेडाकडं तिरका धरला आणि लगेच म्हणाले, "एका बाजूनं खाल्लंय. बुशवर कायम एकाच अंगाला लोड आला की असंच खातंय."

माझ्या डोक्यात तेव्हा हिशेब सुरू झाला. मुलाच्या हातात पहिली स्टिक तीन वर्षं टिकली, मामांच्या हातात दुसरी चार महिने. कन्सोल तोच, गेम तोच. मग बदललं होतं काय? हात. आणि मार्चमध्ये तो हात बघायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मामा, जरा खेळून दाखवा," म्हटलं. तात्पुरतं सगळं जोडून दिलं. ते क्षणभर थांबले आणि मग खिशातला डावा हात बाहेर काढला. अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं. "बावीस वर्षं झाली. प्रेसमध्ये गेलं," एवढंच बोलले आणि शर्यत सुरू केली.

सगळं समोर दिसलं. स्टिकच्या टोपीवर जी खोलगट वाटी असते, तिथवर त्यांचा अंगठा पोचतच नव्हता. पोचवायला ते पंजा आत सरकवत, आणि मग उरलेला अंगठा टोपीवर टेकण्याऐवजी दांडीला डावीकडून रेटत राही. वळण असो नसो, उजवीकडं सतत दाब. मी आणखी दहा मॉड्यूल बदलली असती तरी दहाही अशीच गेली असती.

डाव्या अंगठ्यावर इतका भार कधीपासून आला? निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंनी १९८२ साली गेम अँड वॉच या हातातल्या गेमांच्या मालिकेतल्या 'डॉन्की काँग'साठी अधिकच्या चिन्हासारखं एक बटण बसवलं, तोच डी-पॅड. खाली मधोमध टेकू, एक बाजू दाबली की समोरची उचलते. डाव्या अंगठ्यानं चारी दिशा. १९८९ च्या गेम बॉयवरही तेच आलं, आणि पुढं चकती आली, स्टिक आली तरी दिशा डाव्या अंगठ्याकडंच राहिली. हे मी मामांना सांगितलं, आणि हेही सांगितलं की योकोई १९६५ मध्ये कंपनीत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. मामा म्हणाले, "म्हंजे आपल्यातलाच माणूस."

डी-पॅडनं खेळायचं त्यांनी घरी करून बघितलं होतं. पण ते बटण हो किंवा नाही एवढंच सांगतं, जरासं वळवणं त्याला कळत नाही. गाडी झटके खाते. कन्सोल तिरपा करून वळवायची सोय मी दाखवली, तीही त्यांना पटली नाही. सेटिंगमध्ये डेडझोन (मधोमध जेवढी हालचाल कन्सोल मोजत नाही तो भाग) वाढवला असता तर ओढणं थांबलं असतं, पण मधली बारीक हालचालही मेली असती, आणि शर्यतीत सगळी मजा त्या बारीक हालचालीत असते. अपंग खेळाडूंसाठी मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये आणि सोनीनं २०२३ मध्ये वेगळे कंट्रोलर काढले. चांगलं काम आहे ते, मनापासून वाटतं. पण ते टेबलावर किंवा मांडीवर ठेवायचे. हातातल्या कन्सोलला पूर्ण अंगठा लागतो असंच अजून धरून चाललेत, याचा मला त्या दिवशी फार राग आला.

"टोपी उंच केली तर?" मामांनीच विचारलं. मी मापायचा व्हर्निअर शोधेपर्यंत त्यांनी स्वतःचा काढला. टोपीचा व्यास, कडेची जाडी, खालची मान, सगळं माझ्या जॉबकार्डच्या पाठीमागं लिहून घेतलं. मी अ‍ॅल्युमिनियम म्हणालो. "नको. वजनानं स्टिक आपसूक कलंल. डेलरीन घेतो." डेलरीन म्हणजे हलकं, टणक प्लास्टिक. स्टिकवर वजन नको, हे मला सुचायला हवं होतं, सुचलं त्यांना.

मी हॉल इफेक्टचं मॉड्यूल मागवलं. त्यात घासायला काही नसतं. दांडीच्या बुडाशी चुंबक, शेजारी सेन्सर, चुंबकक्षेत्र किती बदललं त्यावरून जागा कळते. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये टिपलेला परिणाम तो. सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही तो वापरला होता. स्प्रिंग आणि प्लास्टिक यातही झिजणारच, पण कार्बनचा पट्टा झिजायचा प्रश्न मिटतो.

पुढच्या शनिवारी मामा आले, कागदात गुंडाळलेली पांढरी टोपी घेऊन. मूळ टोपीवर घट्ट बसणारी, सहा मिलीमीटर उंच. वरची वाटी मुद्दाम पाच मिलीमीटर डावीकडं, अंगठ्याच्या जवळ आणलेली. लेथच्या फोर-जॉ चकमध्ये (जॉब पकडायच्या चार जबड्यांत) मध्य सरकवून, ऑफसेट लावून काढली होती. मी बोटानं चाचपली, कुठं ओरखडा नाही. बसवली, स्टिक गोल फिरवून कॅलिब्रेशन केलं, शर्यत सुरू केली. आणि आता गाडी डावीकडं ओढू लागली.

मी वायरिंगवर संशय घेतला. मामांनी अंगठा उचलला, ठेवला, परत उचलला. "अंगठ्याचं वजन सेंटरच्या बाहेर पडतंय," म्हणाले. बरोबर होतं. नुसता टेकवला तरी स्टिक कलत होती. त्याच पावसात ते उद्यमनगरात परत गेले आणि दीड तासानं दुसरी टोपी घेऊन आले. ऑफसेट आता दोनच मिलीमीटर, पण उजव्या कडेला बारीक उंचवटा, म्हणजे अंगठा घसरून पुढं जायला नको.

या वेळी अंगठा वाटीत बसला. दांडीला कुठंच लागत नव्हता. पहिल्या वळणाला गाडी कठड्याला घासली, दुसऱ्याला नाही. उंच टोपीमुळं अंगठ्याच्या तेवढ्याच हालचालीत स्टिक आधीपेक्षा कमी कलत होती, त्यामुळं वळवणं जास्त बारीक झालं होतं. तिसऱ्या फेरीपर्यंत मामांचे खांदे खाली आले होते.

मधेच पुण्याहून मुलाचा फोन आला. मी स्पीकर लावून धरला.

"पप्पा, झाली का नीट? गाडी सरळ जातीय का?"

मामांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "सरळचं सोड रे," म्हणाले, "वळणाला कशी बसतीय, ते येऊन बघ."