आमची वाटचाल : डायल रंगवून मिळणार नाही

वडिलांनी गुलमंडीजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि गिऱ्हाईक बरंचसं छावणीतलं. एचएमटी जवान, वेस्ट एंडची सोवार प्रिमा. मशीन धुऊन तेल द्यायचं, काच बदलायची, यावर घर चाललं. सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं आली आणि काम आटलं.

पुढे जुन्या बाजारातून एक काळ्या डायलचं घड्याळ हाती आलं. सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा, पाठीवर ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण आणि डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू. ही अक्षरं, म्हणजे 'वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बारा स्विस कंपन्यांनी एकाच नमुन्यावर केलेल्या घड्याळांपैकी ते टिमोर कंपनीचं निघालं. ही घड्याळं पोचली १९४५ मध्ये, लढाई संपत आल्यावर. शौकीन त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात. बाराही जमवायला निघालेला माणूस हमखास ग्रानापाशी अडतो, कारण बारांत तेच सगळ्यांत दुर्मिळ. तिथून आमचा धंदा बदलला, जुनी लष्करी घड्याळं विकायला लागलो.

या धंद्यात आपल्याकडचा माल बदनाम आहे, आणि उगाच नाही. जुनं डायल घासून, नव्यानं रंगवून, त्यावर मोठ्ठा बाण छापून 'मिल्ट्रीचं' म्हणून विकायची चाल पडली. आम्ही डायलला हात लावत नाही. एक तर किंमत त्यातच असते. दुसरं म्हणजे त्या काळच्या चमकत्या आकड्यांत रेडियम आहे. ते आता अंधारात उजळत नाहीत, कारण त्यातलं चमक देणारं झिंक सल्फाइड खलास झालंय. रेडियम मात्र निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. खरवडलं की भुकटी थेट छातीत. दुकानातल्या पोरांना फुंकर मारायचीही बंदी आहे.

पण बदललेलं प्रत्येक डायल खोटं नसतं. ब्रिटिश संरक्षण खात्यानं स्वतःच पुढे काही घड्याळांची रेडियमची डायलं काढून ट्रिटियम या कमी घातक चमकत्या द्रव्याची बसवली. त्यावर वर्तुळात टी असतो. ते त्या घड्याळाचं आयुष्यच, दुरुस्तीला आलेल्या माणसानं केलेली लबाडी नव्हे.

विकताना झाकण उघडून मशीन दाखवतो. सुटा भाग दुसरीकडचा असेल तर पावतीवर लिहितो. 'मालक, एवढं लिहिलं तर घेईल कोण?' असं विचारणारे भेटतात. पुण्या-मुंबईचे शौकीन घेतात, तेही पावती वाचून. बाकीच्यांना चहा पाजून वाटेला लावतो.