तुम्ही विचारलंत म्हणून: दिल्लीचा वाहतूक मंत्री आणि तुमची एमएच-०९

"मामा, गाडीच्या टॅक्सचं डायरेक्ट दिल्लीच्या वाहतूक मंत्र्यालाच लिहिलं तर?" निपाणीत, म्हणजे सीमेच्या कर्नाटक बाजूला, मी आरटीओचे फॉर्म भरून देतो, त्यामुळं हा प्रश्न महिन्यातून चारदा तरी येतोय, आणि विचारणारा बहुतेक कोल्हापूरच्या मेव्हण्याची जुनी गाडी घेतलेला, गाडी एमएच-०९ आणि मुक्काम इकडं.

तर बघा, दिल्लीत सगळ्या वाहतुकीचा मिळून एकच मंत्री असं काही नाहीच. गडकरी २०१४ पासून आहेत ते रस्ते वाहतूक आणि महामार्गाचे, रेल्वेला वेगळा, विमानाला वेगळा, बंदरांना वेगळा. २०१९ ला आपले बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री झाले तेव्हा लोक मला विचारायचे, आता एसटीच्या फेऱ्या वाढतील का वो? आता काय सांगायचं, लाल एसटी मुंबईची, इकडची बस हुबळीच्या वायव्य महामंडळाची, दिल्लीचा काय संबंध. डिसेंबर २०२२ ला आणि परत फेब्रुवारी २०२५ ला सीमेवरून वाद पेटून बस थांबल्या, तेव्हाही त्या सुरू करणं दोन्ही राज्यांच्याच हातात होतं.

हायवे मात्र दिल्लीचा. आपला जुना एनएच-४, आता ४८ म्हणतात, त्यावरचा सीमेजवळच्या कोगनोळीचा टोल, फास्टॅग, सगळं तिकडचं. १९८८ चा मोटार वाहन कायदा पण केंद्राचा, पण त्यातही गंमत हाय. २०१९ ला सप्टेंबरपासून केंद्रानं दंड वाढवले, कर्नाटकानं त्याच महिन्यात बरेच कमी करून टाकले, महाराष्ट्रानं तर डिसेंबर २०२१ पर्यंत नवे दंड लावलेच नाहीत, म्हणजे कायदा एक आणि कोगनोळी ओलांडली की पावती वेगळी.

आता तुमचा टॅक्स. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नंबर बदलायचा, हे कलम ४७ दिल्लीच्या कायद्यातलं, पण गाडीवरचा कर घटनेनंच राज्याला दिलाय, तो बेंगळुरू ठरवणार. म्हणून कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मग चिक्कोडीला टॅक्स भरून केए-२३, मग उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागायला पुन्हा कोल्हापूर. लई हेलपाटे, मान्य. २०२१ ला केंद्रानं बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणारा 'भारत' नंबर, काढला तो ह्यावरच उपाय म्हणून, पण तो सरकारी नोकरांना, नाहीतर चार राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीतल्यांना. तंबाखूवाल्याला कोण देणार? सीमाभागातल्या माणसाला खरी गरज, आणि तोच बाहेर, हे मला अजून पटलेलं नाही.

परवा एकजण सगळं ऐकून घेऊन म्हणाला, मग लिहूच नको का? म्हटलं लिहा की, हायवेला खड्डा दिसला तर जरूर लिहा. टॅक्सला आधी एनओसी आणा, आणि येताना आरसीच्या दोन झेरॉक्स.