तुम्ही विचारलंत म्हणून: गिळलेला आवंढा

"मनात दाबलेलं अंगावर उठतं का हो? आणि उठलं तर काढायचं कसं?" माझ्या घशाचं दुखणं ज्यांनी पाहिलंय, ते हे हमखास विचारतात. विचारताना आवाज जरा खाली आलेला असतो. म्हणून नीट सांगते.

2019च्या जूनमध्ये आई गेली. दोन महिन्यांत कृष्णा सांगलीतल्या आमच्या गावभागात शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आईच्या लुगड्यांची ट्रंक वर न्यायची राहून गेली. पूर ओसरल्यावर उघडली, तर सगळी लुगडी गाळानं एकाच रंगाची झालेली. मी ट्रंक अंगणात ठेवली आणि फरशी घासायला घेतली. गल्लीत कुणाचं दुकान गेलं होतं, कुणाची दुभती म्हैस. मी लुगड्यांसाठी कुणापुढं रडू?

दिवाळीच्या सुमारास घशात गोळा जाणवायला लागला. घास सरळ खाली जायचा. नुसता आवंढा गिळला की सुपारी अडकल्यासारखं व्हायचं. चार महिने अंगावर काढलं, मग मिरजेला दाखवलं. दुर्बिणीनं घसा पाहिला, थायरॉइड तपासलं. सगळं साफ. डॉक्टर म्हणाले, "याला ग्लोबस म्हणतात. घशाचे स्नायू आवळलेले राहतात. घरात काही झालं होतं का?" मी म्हटलं, "पूर आला होता." आईचं काही तोंडून निघालं नाही.

रडू दाटतं तेव्हा जास्त श्वास घेता यावा म्हणून घसा उघडा राहू पाहतो, आणि गिळताना तर तो मिटावा लागतो. त्या ओढाताणीचा गोळा जाणवतो. ताण लांबला की मान, जबडा, पोटही असंच आवळलेलं राहतं. आपल्या बायका 'कंठ दाटला', 'पोटात गोळा आला' म्हणतात, ते शब्दशः खरं आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला 7वा अध्याय मला नंतर एका वैद्यबाईंनी वाचून दाखवला. अडवू नयेत असे 13 वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, त्यात आहेत. भूक, तहान, झोप, शिंक यांच्या रांगेत अश्रूही आहेत. ते अडवले तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृद्रोग, अरुची, भोवळ. आणि त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध यांचे वेग मात्र आवरावेत असं म्हटलंय. म्हणजे शोकात वाहून जाऊ नये, पण डोळ्यांतलं पाणी अडवू नये. हा फरक मला कुणी आधी सांगायला हवा होता. उपायही दिलाय: झोप, मद्य आणि प्रिय कथा. मद्य मी बाजूला ठेवलं.

मधल्या काळात एकांनी पाठीवरून चुंबक फिरवून 'अडकलेली भावना' काढून देतो म्हणून पैसे घेतले. गोळा तिथंच राहिला. भावना म्हणजे पायात मोडलेला काटा नव्हे, की दुसऱ्यानं उपसून काढावा. सावकाश श्वासाचा मात्र उपयोग झाला. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, बाहेर सोडताना लांब. लिहिण्याचाही झाला. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 1986मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज 15 मिनिटं मनातला आघात लिहायला लावलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत परिणाम लहानच दिसला आहे. मलाही पहिले दोन दिवस जास्तच जड वाटलं. तरी 'आई' हा शब्द त्याच वहीत पहिल्यांदा उमटला.

एक कळकळीनं सांगते. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, आवाज बसलेला सुटत नसेल, तर आधी डॉक्टर. आणि कॅन्सरच्या माणसाला "तू मनात ठेवलंस म्हणून झालं" असं कधीही म्हणू नका. ते खरं नाही, आणि ऐकणाऱ्याचं काळीज चिरतं.

गोळा खरा सुटला तो लॉकडाउनमध्ये. शेजारच्या काकू पायरीवर गहू निवडत होत्या, ओवी गुणगुणत होत्या. जातं कधीच घरातून गेलं, ओव्या राहिल्यात. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या अशा लाखभर ओव्या जमवल्या. सांगायला माणूस नसेल तेव्हा बायकांनी जात्याला सांगितलेलं दुःख आहे त्यांत. काकूंनी सहज विचारलं, "ट्रंकेत कुठली कुठली लुगडी होती गं?"

हिरवं इरकली, म्हटलं. मग जांभळं, माझ्या बारशाला नेसलेलं. तिसऱ्याला आवाज फुटेना. काकूंनी सूप बाजूला सारलं. "रड बाई," म्हणाल्या, "मला घाई नाही."

अजूनही पावसाळ्यात पुलाच्या पाण्याची पातळी कानावर आली की घसा आवळतो. मग मी पायरीवर जाऊन बसते. काकू विचारतात, "जांभळ्याचा काठ कसला होता म्हणालीस?"