क्यू आहे, यू नाही

रविवार, रात्री साडेअकरा

ओजसने आज मला विचारलंच नाही.

झालं ते एवढंच. पण जेवणं आटोपली, ओटा आवरला, कूलरमध्ये पाणी भरलं, तरी ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

संध्याकाळी हॉलमध्ये स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल जोडून इंग्रजी शब्द करायच्या खेळाचा, डाव रंगला होता आणि मी शेजारी बसून लोणच्याच्या फोडी पुसत होते. ओजसकडे क्यू होता, यू नव्हता, आणि इंग्रजीत क्यूच्या मागे बहुतेक वेळा यू लागतोच. टाइल ठेवायच्या पट्टीवर एफ, ए, आर, आणि बोर्डावर एक आय मोकळा. मला बसल्या जागी दिसलं: फकीर. इंग्रजीत तो क्यू घालूनही लिहिता येतो. शब्द अगदी ओठांवर आला होता, त्याने नुसतं "आत्या" म्हणायचा अवकाश.

"थांब न, शोधून राहिलो," तो केतकीला म्हणाला. फोनमध्ये अक्षरं टाकली आणि लगेच शब्द लावून मोकळा. सतरा गुण. फोन चालतो असं पोरांनी ठरवलेलंच आहे, तेव्हा रडीचा डाव म्हणता येत नाही. मग मला का लागलं?

शब्दांची माझी ती जुनी लांब वही काढून बसले. डिक्शनरी पहिल्या अक्षरावरून उघडते आणि खेळणाऱ्याची अडचण नेमकी उलटी असते. शेवटी जे असलेला शब्द कुठे शोधायचा? अख्खं पुस्तक वाचल्याशिवाय सापडत नाही. म्हणून मी चेंबर्सची इंग्रजी डिक्शनरी वाचत गेले आणि लिहून ठेवत गेले. जे-शेवटीच्या पानावर राज, ताज, हाज, आणि स्वराज. इंग्रजांच्या डिक्शनरीत स्वराज सापडला त्या दिवशी बाबांनी मला बर्डीच्या बाजारात नेऊन आइस्क्रीम खाऊ घातलं होतं. यू-शिवायच्या क्यूच्या पानावर ची, कात, तलाक, फकीर. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नसलेल्यांचं पान वेगळं: रिदम, निम्फ, आणि क्रूथ हे वेल्सचं तंतुवाद्य. मागच्या बाजूला सात-सात अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून समोर त्यांतून निघणारे शब्द. ए-ई-आय-एन-आर-एस-टी या ओळीसमोर रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज, स्टेनर. सातही टाइल एका वेळी लागल्या की पन्नास गुण जास्तीचे, म्हणून ही पानं मी पाठच केली होती.

केतकी सांगत होती की असे बरेचसे प्रोग्रॅमही अक्षरं आधी क्रमाने लावतात आणि मग जुळवतात. ऐकून क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, आता या वहीचं काय राहिलं?

ताईचंही तेच. पूर्वी फोन यायचा, "अगं, झेड अडकलाय, सांग लवकर." आता ती रोज वर्डल हे शब्दकोडं सोडवते आणि मला हिरवे-पिवळे चौकोन पाठवते. पाच अक्षरं, सहा प्रयत्न. शब्द तिला सापडलेला असतो, माझ्याकडे येतात ते चौकोन. मी अंगठा पाठवते. आज वाटलं, सगळ्यांना सगळं मिळतंय आणि मध्ये माझी गरजच उरलेली नाही. रडूही आलं थोडं. लोणचं घालायचं राहिलं ते राहिलंच.

डाव आवरताना पिशवीत पुठ्ठ्याचा व्ही हाताला लागला. खरा हरवल्यावर बाबांनी ब्लेडने कापून केलेला, निळ्या शाईचा, कोपऱ्यात गुणांचा बारीक चार. पिशवीत हात घातला की बोटांना तो लगेच कळतो, म्हणून सगळे त्याला टाळतात. व्हीचा दोन अक्षरी शब्द एकही नाही, कोणाला हवा असणार? ईच्या टाइल बारा आणि क्यूची एकच का, हे बाबांनीच सांगितलं होतं. मंदीत काम गेलेल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टने वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरं मोजली आणि त्यावरून टाइल ठरवल्या. मी दहादा विचारायची, ते दहादा सांगायचे.

आणि मग वही भरत गेली, तसं माझं त्यांना विचारणं कमी होत गेलं. कधी थांबलं ते आठवत नाही. पण त्यानंतरही ते रोज संध्याकाळी खेळायला बसत, आणि मला हरवायला त्यांना मनापासून आवडायचं. चेहरा पडलेला मी तरी पाहिला नाही. हे आठवलं आणि छातीवरचं ओझं पुष्कळ उतरलं. त्यांच्या खोलीचं अजून ठरायचंय, पण ते आज नको.

पोरं खेळतात, मी शेजारी बसते. कोणी विचारेल म्हणून बसते. चौथी पट्टी मात्र डब्यात तशीच पडून असते.

उद्या संध्याकाळी ती काढणार आहे. ओजसला फोन वापरायचा तर वापरू दे, मी वही आत ठेवून खेळणार. आणि एस आला तर लगेच खर्चायचा नाही. शंभर टाइलमध्ये चारच असतात. दुसऱ्याच्या शब्दाला शेवटी तो जोडायचा आणि तिथूनच आपला शब्द काढायचा, म्हणजे दोन्हींचे गुण आपले.